कोटबाग निजाम ते नेता कक्ष : अहमदनगरच्या बागांचे दरवाजे

शहरांच्या जन्मकथेत बहुधा एखादी नदी असते, घाटवाट असते, नाहीतर एखाद्या देवाचे ठाणे असते. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जन्मकथेत सीना नदी आहेच. पण शहराच्याही आधी तेथे एक बाग आली. त्या बागेत आणि तिच्यामागून आलेल्या बागांत कोणी पाऊल टाकायचे आणि कोणी बाहेर थांबायचे, याचा इतिहास पाचशे वर्षांहून मोठा आहे. बागांच्या दरवाजांचा हा थ्रेड.

२८ मे १४९०. बहमनी सत्ता आतून पोखरली गेली होती. जुन्नरकडे पाय रोवून बसलेला मलिक अहमद सुलतानाला जुमानत नव्हता. त्याचा बंदोबस्त करण्यासाठी बीदरहून जहांगीरखान नावाचा सरदार फौजेनिशी आला आणि भिंगारजवळ तळ देऊन बसला. फौज मोठी होती आणि बेफिकीरही. अहमदने पहाटेच्या अंधारात तिच्यावर झडप घातली. जहांगीरखान मारला गेला, तळ उधळला आणि निजामशाहीचा पाया पडला.

जेथे हा विजय मिळाला तेथेच अहमद निजामशाहाने एक महाल उभारला आणि त्याभोवती बाग लावली. नाव ठेवले ‘बाग निजाम’. पुढे या लढाईची ओळखच ‘बागेची लढाई’ अशी झाली. मनोरा नाही, मशीद नाही, विजयाची खूण म्हणून बाग! अहमदनगर शहराची उभारणी त्यानंतर चार वर्षांनी, १४९४ मध्ये सुरू झाली. बाग थोरली, शहर धाकटे.

पण ती बाग फार काळ नुसती बाग राहिली नाही. महालाला संरक्षण हवे म्हणून भोवती कोट घातला गेला आणि नाव झाले ‘कोटबाग निजाम’. हुसेन निजामशाहाने १५५९ नंतरच्या काही वर्षांत तो कोट दगडात बांधून काढला. भोवती खोल खंदक, जागोजागी बुरूज आणि सुमारे पावणेदोन किलोमीटरचा जवळजवळ गोलाकार घेर. दख्खनमधील सर्वांत भक्कम भुईकोटांपैकी एक असलेला अहमदनगरचा किल्ला तो हाच. त्याच्या पोटात एक बाग गडप झाली आहे, हे किल्ला पाहून परतणाऱ्या बहुतेकांच्या ध्यानीही येत नाही.

येथे ‘बाग’ या शब्दाशी थोडे थांबावे लागते. आज बाग म्हटले की घसरगुंडी, बाके आणि भेळेची गाडी डोळ्यांसमोर येते. पंधराव्या-सोळाव्या शतकातील फारसी संस्कृतीच्या जगात बाग म्हणजे आधी भिंत आणि मग झाडे. रखरखीत मुलखात भिंतीच्या आत पाणी, सावली आणि सुगंध साठवायचा आणि तो निवडक माणसांना चाखू द्यायचा, ही त्यामागची कल्पना. इंग्रजीतील ‘पॅराडाइज’ हा शब्द ज्या जुन्या इराणी शब्दापासून आला, त्याचा मूळ अर्थही ‘भिंतीने वेढलेली जागा’ असाच आहे. स्वर्ग म्हटला की कुंपण आले आणि कुंपण आले की दारवान आलाच.

निजामशाहांनी आपल्या राजधानीभोवती असे स्वर्ग एकापेक्षा अधिक उभारले. सावेडीच्या बाजूला ‘हश्त बिहिश्त’, म्हणजे आठ स्वर्गांची बाग: तळ्याच्या मधोमध अष्टकोनी महाल. आज त्याचे भग्नावशेषच उरले आहेत. शहराच्या आग्नेयेस, भिंगारच्या अंगाला ‘फराहबक्ष’ किंवा ‘फराहबाग’, म्हणजे आनंद देणारी बाग. दोन मजली अष्टकोनी महाल, आत घुमटाखालचा उंच दिवाणखाना, भोवती पाण्याचा सुमारे दीडशे फूट रुंद वेढा आणि पलीकडे बाग. हा महाल आजही उभा आहे.

फराहबागेचे बांधकाम मुर्तजा निजामशाहाच्या कारकिर्दीत झाले. काम सुरू केले चंगीझखान या मंत्र्याने, पुढे नेले निआमतखानाने. पण तयार झालेली वास्तू शाहाच्या मनास येईना. मग ते काम सलाबतखानाकडे आले आणि १५८३ मध्ये त्याने ते पुरे केले. एका महालासाठी तीन कारभारी खर्ची पडले, असे म्हणायला हरकत नाही.

आता पाण्याविषयी, कारण या बागांचे खरे मर्म तेथे आहे.

नगर हा अवर्षणाचा मुलूख. सीनेचे पात्र उन्हाळ्यात कोरडे पडते. अशा ठिकाणी तळ्याच्या मधोमध महाल बांधायचा तर पाणी आणायचे कोठून? ते आले शहराभोवतीच्या उंचवट्यांवरून. कापूरवाडी, शेंडी, वडगाव, शहापूर, भिंगार अशा गावांच्या शिवारात विहिरी आणि झरे बांधून घेतले गेले. तेथून जमिनीखालून खापरी नळ टाकले: भाजलेल्या मातीचे, एकात एक बसवलेले, चुन्यात पक्के केलेले. पंप नाही, रहाट नाही, केवळ उतार. उगमाची पातळी बागेच्या पातळीपेक्षा थोडी वर, एवढ्याच भांडवलावर पाणी मैलोगणती चालत येई. वाटेत जागोजागी उच्छ्वास बांधलेले असत. नळात कोंडलेली हवा तेथून बाहेर पडे, गाळ खाली बसे आणि नळ तुंबला तर नेमका कोठे, तेही कळे. पुण्याचा कात्रजचा नळ किंवा औरंगाबादचा नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. फक्त नगरची व्यवस्था या दोहोंपेक्षा जुनी.

या योजनेत एक विसंगती दडलेली आहे आणि तीच सर्वांत बोलकी आहे. बागेची भिंत कितीही उंच असली, तरी तिचे पाणी भिंतीबाहेरूनच यायचे. ते गावांच्या शिवारातून यायचे, शेतांखालून यायचे आणि त्याच जाळ्यातील नळ शहरातल्या हौदांनाही पाणी पुरवायचे. बागेत पाऊल टाकण्याची मुभा ज्याला नव्हती, त्याच्याच बांधाखालून बागेचे कारंजे उडत होते. बाग बंद होती. तिची मुळे मात्र सार्वजनिक होती.

पाण्याची ही विद्या केवळ बागांपुरती राहिली नाही. शहराच्या पूर्वेस भातोडीचा तलाव आहे. १६२४ मध्ये मलिक अंबरने याच तलावाचे पाणी सोडून मोगल-आदिलशाही फौजांच्या छावणीत चिखल करून टाकला आणि आपल्याहून मोठ्या सैन्याचा पराभव केला. शहाजीराजे या लढाईत निजामशाहीच्या बाजूने लढले. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी येथेच कामी आले.

पण भातोडीच्या चाळीस वर्षे आधी फराहबागेत काय चालले होते?

मुर्तजा निजामशाह हळूहळू दरबारातून नाहीसा झाला. चंगीझखानावर विश्वासघाताचा खोटा आळ आला आणि शाहाने त्याला विष दिले. तो निर्दोष होता हे पुढे उघड झाले. त्यानंतर शाहाने जगाकडे पाठ फिरवली. सरदारांना त्याचे दर्शन होईना, हुकूम चिठ्ठ्यांवरून सुटू लागले. लोकांनी त्याला ‘दिवाना’ म्हणायला सुरुवात केली. परंपरा सांगते की, या काळात तो फराहबागेत फत्तेशाह नावाच्या दिल्लीच्या गवयाबरोबर बुद्धिबळ खेळत बसे आणि त्याच्यासाठी त्याने बागेत ‘लकडमहाल’ही बांधून दिला होता.

याच फत्तेशाहाच्या संदर्भात फिरिश्ता हा इतिहासकार एक प्रसंग नोंदवतो. तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगरच्या रामराजाच्या जडजवाहिरातून हाती आलेल्या दोन माळा फत्तेशाहाने मागितल्या. शाहाने होकार दिला. सलाबतखानाला ते पटले नाही. त्याने त्याऐवजी कमी मोलाच्या दोन माळा देऊन वेळ मारून नेली. लबाडी उघडकीस आली. शाहाने सारे जवाहीर समोर मांडायला लावले. तेथेही मौल्यवान नग दिसेनात, तेव्हा त्याने संतापून मांडलेल्या ऐवजालाच आग लावली. राज्याचा कारभार पाहणारा माणूस खजिना वाचवतो आहे आणि राज्याचा धनी तो जाळतो आहे. बंद बागेतून दिसणारे राज्य असे असते.

पुढे सलाबतखानाची गच्छंती झाली. कैदेचा हुकूम आला तेव्हा लोकांनी त्याला तो मानू नये असे विनवले, पण त्याने स्वतःच बेड्या घालून घेतल्या आणि तो किल्ल्यावर कैदेत गेला, असे फिरिश्ताच सांगतो. १५८८ मध्ये मुर्तजाचा मुलगा मीरान हुसेन याने बापालाच हमामात कोंडून मारले. त्या दिवशी राजवाड्याच्या पहाऱ्यावर होता तो तरुण फिरिश्ता. पहारेकरी मारले जात असताना राजपुत्राने त्याला ओळखले, कारण दोघे बालपणी एकत्र शिकलेले होते. फिरिश्ताचा जीव वाचला. तो पुढच्या वर्षी विजापूरला गेला आणि दख्खनच्या इतिहासाला त्याचा सर्वांत बोलका साक्षीदार मिळाला. त्या ओळखीवाचून निजामशाहीच्या या कथांपैकी निम्म्या तरी कोणी लिहून ठेवल्या असत्या की नाही, शंकाच आहे.

फराहबागेविषयी एक गोष्ट नगरमध्ये हमखास ऐकू येते. शहाजहानने ताजमहालाची कल्पना म्हणे येथून घेतली. ऐकायला गोड आहे, पण तिला आधार नाही. मध्यभागी मोठे दालन आणि भोवती आठ दालने, या आराखड्यालाच ‘हश्त बिहिश्त’ म्हणतात. ही तैमूरी-इराणी स्थापत्याची जुनी परंपरा आहे. दिल्लीतला हुमायूनचा मकबरा याच पद्धतीचा आहे आणि तो फराहबाग पुरी होण्याच्या दशकभर आधी उभा राहिला होता. शहाजहानला नमुना हवा होता तर तो त्याच्या पणजोबाच्या कबरीवर तयार होता. ताज आणि फराहबाग हे आईमुलगी नव्हेत. फार तर एका घराण्याच्या दोन शाखा. फराहबागेचे मोल ठरवायला ताजची उसनवारी करण्याचे कारणही नाही.

मग या बागांचे दरवाजे उघडले तरी केव्हा? नगरच्या बाबतीत उत्तर जरा उदास आहे: बहुधा मालक मेल्यावर.

सीनेच्या काठी, शहराच्या कडेला ‘बागरौझा’ आहे. मूळ अरबीत ‘रौझा’ म्हणजेही बाग. पुढे त्या शब्दाला थोरामोठ्यांच्या कबरीचा अर्थ चिकटला. म्हणजे या नावातच बाग दोनदा आली आहे. शहर वसवणारा अहमद निजामशाह येथे विसावला आहे. काळ्या दगडातली ही वास्तू निजामशाही बांधकामाचा उत्तम नमुना. आवारात एक हत्तीचीही समाधी दाखवतात: तालिकोटच्या रणात रामराजाला पकडणारा गुलामअली हत्ती. जिवंत असताना शाहाच्या बागेत शिरणे सामान्य माणसाला अवघड होते. कबरीवर फूल वाहायला मात्र कोणीही यावे. दख्खनमधील कितीतरी राजबागा सामान्यांना पहिल्यांदा आतून दिसल्या त्या अशा, रौझ्याच्या निमित्ताने.

सलाबतखानाचे नशीब आणखी वेगळे. शहराच्या पूर्वेकडील शाह डोंगरावर त्याची तीन मजली अष्टकोनी कबर आहे. सारे नगर तेथून दिसते. सुट्टीच्या दिवशी माणसांनी फुलून जाणारी ही जागा लोक ओळखतात ‘चांदबीबीचा महाल’ म्हणून! चांदबीबीचा त्या वास्तूशी संबंध नाही. तिची जागा किल्ल्याच्या तटावर आहे: १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून तटाला खिंडार पाडले, तेव्हा तेथे उभे राहून तिने ते रातोरात बुजवून घेतले. पण लोकांनी महाल तिच्या नावे केला आणि राजासाठी बाग पुरी करणारा मंत्री स्वतःच्याच कबरीवर पाहुणा झाला.

जिवंतपणी आपली बाग परक्यांना उघडून दाखवणे, ही कल्पना जगातही तशी उशिराचीच. सफवी शाह अब्बासने सोळाव्या शतकाच्या अखेरीस इस्फहानमध्ये ‘चहारबाग’ नावाचा झाडांनी वेढलेला प्रशस्त रस्ता काढला. दोन्ही अंगांना बागा आणि मधून नागरिकांची वर्दळ. व्हिएन्नाचे प्राटर हे शाही शिकारीचे रान सम्राट दुसऱ्या जोसेफने १७६६ मध्ये सर्वांना मोकळे केले. इंग्लंडात १९२७ मध्ये तर सहाशेहून अधिक खासगी बागमालकांनी माणशी एक शिलिंग घेऊन आपली फाटके उघडली; जमलेला पैसा गावोगावी फिरणाऱ्या परिचारिकांच्या संस्थेला गेला. ती प्रथा आजही चालू आहे. त्यात मालक फाटकाशी उभा राहून स्वागत करतो आणि पाहुणा रोपांची नावे विचारतो.

नगरमध्ये मात्र त्या सुमारास नेमके उलटे घडत होते.

१२ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला. इंग्रजी अंमलात शहराला लागून लष्करी छावणी वसली आणि कोटबाग निजामची जागा कैदखाना म्हणून सोयीची ठरली. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण आफ्रिकेतून आणलेले बोअर युद्धकैदी नगरला ठेवले गेले, पहिल्या महायुद्धात जर्मन. बागेची भिंत परक्यांना बाहेर ठेवण्यासाठी बांधलेली होती. आता तीच भिंत माणसांना आत ठेवू लागली. दगड तेच, फक्त पहाऱ्याची दिशा बदलली.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत धरपकड झाली आणि काँग्रेस कार्यकारिणीचे नेते या किल्ल्यात आणले गेले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, कृपलानी, शंकरराव देव, पट्टाभि सीतारामय्या आणि आणखी काही. त्यांना कोठे ठेवले आहे हे सुरुवातीला जाहीरही केले गेले नाही. घरच्यांनाही ठावठिकाणा नव्हता.

या बंदिवासात नेहरूंनी हाती घेतलेल्या कामांपैकी एक होते बागकाम. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या ग्रंथाच्या आरंभीच ते याविषयी सांगतात. जमीन खडकाळ होती, जुन्या बांधकामांच्या राडारोड्याने भरलेली. उन्हातही ते तासन्‌तास वाफे खणत. खणता खणता जुन्या भिंती लागल्या, जमिनीखाली गाडल्या गेलेल्या इमारतींचे माथे लागले. एकदा एका दारावर कोरलेले सुंदर कमळ दिसले. आणखी खोल खणण्याची मुभा तुरुंगाधिकाऱ्यांकडून नव्हती. फुलांसाठी घातलेली कुदळ अशी इतिहासाला लागली. मग १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्याच आवारात तो ग्रंथ लिहिला गेला.

नेहरू चांदबीबीची आठवण काढतात. त्यांच्या कुदळीखालच्या भिंती कोणत्या काळातल्या, हे कोणी तपासलेले नाही. पण जागा तीच होती: १४९० ची बाग निजाम. सुमारे साडेचारशे वर्षांनी त्या मातीत पुन्हा वाफे पडले आणि ते पाडणारा होता कैदी.

मौलाना आझादांची ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रेही येथलीच. ती पाठवता येत नव्हती. लिहून ठेवलेली होती. त्यांत चहा आहे, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्या आहेत, आवारात फुललेली फुले आहेत. एप्रिल १९४३ मध्ये आझादांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या. आजारपण कळूनही आझादांनी सरकारकडे सवलत मागितली नव्हती. त्या पत्रात ते आवारातल्या एका जुन्या, निनावी कबरीचा उल्लेख करतात: आल्यापासून ती शेकडो वेळा नजरेस पडली होती, पण आता तिच्याविषयी एक निराळीच आपुलकी वाटू लागली आहे. निजामशाही बागांच्या साऱ्या कवनांपेक्षा हा एवढासा उल्लेख अधिक काळ मनात रेंगाळतो.

नेत्यांच्या त्या खोल्या आज ‘नेता कक्ष’ म्हणून जपल्या आहेत. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. आत जायचे तर लष्कराच्या नियमांप्रमाणे जावे लागते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने संरक्षित केलेला फराहबागेचा महाल छावणीच्या परिसरात उभा आहे. गिलावा ठिकठिकाणी सुटला आहे, पण घुमटाखालच्या दिवाणखान्यात भर उन्हाळ्यातही गारवा जाणवतो. भोवतालची बाग उरलेली नाही, खापरी नळ बहुतेक ठिकाणी मुजले आहेत आणि तळ्याचा खळगा वर्षातला बराचसा काळ कोरडा असतो. ज्या पाण्याने एकेकाळी सरदारांनाही पलीकडे थांबवले, त्याच्या तळावरून आता पाहुणे चालत महालापर्यंत जातात.